चिनी संगीत : राजदरबार आणि रस्ता

शिल्पकाराची मूर्ति त्याच्या मागें उरते, कवीचें काव्य पोथींत राहतें, चित्रकाराचा रंग भिंतीवर टिकतो. गवयाचा सूर मात्र उमटतांच विरूं लागतो आणि नर्तकीनें पाऊल उचलतांच त्याचा ठसा पुसला जातो. म्हणूनच, ज्या राष्ट्राचा लिखित इतिहास तीन सहस्र वर्षांचा आहे त्या राष्ट्रानें ह्या दोन क्षणभंगुर कला कशा जतन केल्या आणि कशा गमावल्या, हें पाहणें उद्बोधक आहे. तें राष्ट्र म्हणजे चीन. संगीत हें केवळ करमणुकीचें साधन आहे असें चिनी राज्यकर्त्यांनीं सहसा मानलें नाहीं. तें राज्यकारभाराचें एक अंग आहे असेंच त्यांनीं मानलें. ह्या समजुतीनें संगीताला मोठा मान मिळवून दिला; पण पुढें दिसून येईल त्याप्रमाणें तिनें त्याचा घातही थोडाथोडका केला नाहीं.

चिनी लिपींत 'संगीत' आणि 'आनंद' ह्या दोन्ही शब्दांना एकच अक्षर आहे. परंतु ह्या आनंदावर दरबाराची करडी देखरेख असे. बांबूच्या नळ्यांवरून त्यांनीं बारा स्वर ठरविले होते. त्यांतील पहिल्या स्वराला 'ह्वांग-चुंग' म्हणजे 'पिवळी घंटा' असें नांव होतें. ह्या स्वराची नळी ही नुसती सुराची नळी नव्हे. हान राजवटींतील ग्रंथकारांनीं लांबी, धान्याचें माप आणि वजन हीं तिन्ही तिच्यापासूनच सिद्ध केलीं. आपल्याकडे शेर-पायलीवर सरकारी शिक्का मारीत. चीनमध्यें जणूं षड्जावरही तो मारलेला होता. नवें राजघराणें गादीवर आलें कीं पंडितांची सभा भरे आणि पहिल्या नळीची लांबी पुन्हां मोजली जाई. जुनें राज्य बुडालें, त्या अर्थी त्याचा सूर चुकलेला असला पाहिजे, असा त्यामागील तर्क होता.

ह्या विचाराचा थोर पुरस्कर्ता म्हणजे कन्फ्यूशियस (इ. स. पू. ५५१–४७९). एका प्राचीन राजसंगीताच्या श्रवणानंतर तीन महिने त्याला मांसाची चव कळली नाहीं, अशी आठवण त्याच्या संवादग्रंथांत नमूद आहे. त्याच ग्रंथांत त्याच्या संतापाचाही एक प्रसंग आहे. नृत्यांतील रांगा किती असाव्यात ह्याचा दंडक ठरलेला होता : सम्राटापुढें आठ, मांडलिक राजापुढें सहा, मंत्र्यापुढें चार आणि सामान्य सरदारापुढें दोन. लू राज्यांतील ची घराण्याकडे अधिकार केवळ मंत्र्याचा. तरी त्यानें आपल्या अंगणांत आठ रांगा नाचविल्या. कन्फ्यूशियसला तें नृत्य दिसलें नाहीं. त्याला दिसली ती मर्यादेची पायमल्ली. जेथें नर्तकांच्या रांगा मोजून राज्याचें आरोग्य ठरवितात, तेथें नृत्य हें नर्तकाच्या मालकीचें कसें राहणार?

त्या काळच्या राजसंगीताचा प्रत्यक्ष पुरावा १९७८ सालीं हातीं आला. हूबेइ प्रांतांत सुइचौ येथें, त्सेंग नांवाच्या एका लहानशा राज्याचा अधिपति यी ह्याची कबर उकरण्यांत आली. तींत काशाच्या पासष्ट घंटा लांकडी चौकटीवर तीन ओळींत टांगलेल्या होत्या. सर्वांत मोठ्या घंटेची उंची दीड मीटरहून अधिक असून वजन दोनशें किलोग्रॅमच्या वर आहे. त्यांतील एक घंटा चू देशाच्या राजानें इ. स. पू. ४३३ सालीं दिलेली आहे, असें तिच्यावरील लेखावरून ठरतें. ह्या घंटांचा छेद वाटोळा नसून बदामाच्या आकाराचा आहे. त्यामुळें नाद फार वेळ घुमत राहत नाहीं, आणि मधोमध व बाजूस असा दोन ठिकाणीं आघात केला असतां एकाच घंटेंतून दोन निराळे स्वर निघतात. कोठें आघात केला म्हणजे कोणता स्वर निघेल, हेंही सोन्याच्या अक्षरांत घंटेवरच जडविलेलें आहे. इतकी सूक्ष्म विद्या त्या लोकांना अवगत होती.

परंतु त्याच कबरींत एकवीस तरुण स्त्रियांचे अवशेषही सांपडले. धन्याच्या सेवेसाठीं त्यांनाही त्याच्याबरोबर पुरण्यांत आलें होतें. त्यांपैकीं कित्येक वादक व नर्तकी असाव्यात, असें विद्वानांचें अनुमान आहे. राजाश्रयाची ही दुसरी बाजू होय. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. घंटांवर स्वरांचीं नांवें कोरलीं, पण त्या स्वरांतून वाजणारी चाल कोणींही लिहून ठेवली नाहीं. ती वादकांच्या हातांत आणि नर्तकींच्या पायांत होती, व त्यांच्याबरोबरच ती गेली. आज घंटा वाजतात. त्यांचें संगीत मात्र कोणालाही ठाऊक नाहीं.

पुढें हान सम्राट वू (कारकीर्द इ. स. पू. १४१–८७) ह्यानें दरबारीं संगीताची एक मोठी कचेरी भरभराटीस आणली. देशोदेशींचीं लोकगीतें तेथें गोळा होत. तिच्यांतील कलावंतांची संख्या शेवटीं ८२९ पर्यंत गेली. इ. स. पू. ७ मध्यें आइ हा सम्राट गादीवर आला. त्याला लोकांची गाणीं अनीतीचीं वाटत. त्यानें ती कचेरीच मोडून टाकली, ४४१ जणांना घरीं पाठविलें आणि उरलेल्यांना यज्ञविधि व लष्करी वाद्यें ह्यांकडे वळविलें. बंदी झाली, पण गाणें थांबलें नाहीं. श्रीमंतांच्या वाड्यांतून तें पूर्ववत् चालूच राहिलें, अशी कबुली खुद्द हान इतिहासकारानें दिली आहे. हुकुमानें कचेरी बंद होते, कंठ बंद होत नाहीं, हा धडा चीनच्या इतिहासांत तेव्हांपासून वारंवार गिरविला गेला.

दरबाराच्या भिंती कितीही उंच असल्या तरी व्यापाऱ्यांच्या उंटांबरोबर परकी वाद्यें येतच होतीं. पुढें चीनचें लाडकें झालेलें 'पीपा' हें वाद्य मध्य आशियांतून आलें. इ. स. ५६८ मध्यें एका तुर्क राजकन्येबरोबर कूचा येथील सुजीव नांवाचा वादक चीनमध्यें आला. वडिलांपासून शिकलेल्या सात जातींचें ज्ञान त्याच्यापाशीं होतें. त्याच्या सात स्वरजातींचीं जीं नांवें चिनी ग्रंथांत नोंदलीं आहेत, त्यांत आपल्या 'पंचम' आणि 'कैशिक' ह्या संज्ञा ओळखूं येतात, असें कित्येक संशोधकांचें मत आहे. तांग राजवटींत तर दरबारी संगीताचे जे विभाग होते, त्यांपैकीं एक थेट 'तियान-चू' म्हणजे हिंदुस्थानच्या संगीताचा होता. ज्या वाटेनें बुद्धाचें वचन गेलें, त्याच वाटेनें आपले सूरही गेले.

तांग सम्राट श्वान्-त्सुंग (कारकीर्द इ. स. ७१२–७५६) हा स्वतः वादक होता. 'पेअरच्या झाडांची बाग' ह्या नांवाची शिक्षणशाळा त्यानें राजवाड्यांत उघडली व तींत तो जातीनें शिकवी; आजही चिनी नटाला त्या बागेचा शिष्य म्हणण्याची रूढि आहे. त्याची प्रिया यांग क्वेइ-फेइ हिच्या इंद्रधनुषी वस्त्रांतील नृत्याची कीर्ति कवींनीं अजरामर केली. परंतु ७५५ सालीं आन् लू-शान् ह्या सेनापतीनें बंड केलें. राजधानी पडली, यांग क्वेइ-फेइचा अंत झाला आणि कलावंत देशोधडीला लागले. पुढच्या पिढ्यांनीं दोष दिला तो नाचाला. सैन्याची शिस्त, सरहद्दीचा कारभार, करांचा बोजा हीं कारणें मागें पडलीं. एका स्त्रीच्या नृत्यामुळें राज्य बुडालें, ही कथा मात्र घरोघर राहिली. तांगांचें दरबारी संगीत चीनमध्यें हळूहळू लोप पावलें. त्याचा कांहीं अंश समुद्रापलीकडे, जपानच्या राजदरबारांत टिकला; आणि नारा येथील शोसोइन भांडारांत त्या काळची शिंपल्यांच्या जडावाची पांच तारांची एक वीणा अद्याप सुरक्षित आहे. घरचें धन शेजाऱ्याच्या पेटींत सांपडावें, तसा हा प्रकार होय.

दरबाराखेरीज एक दुसरी परंपरा चालत होती, ती विद्वानांच्या एकांतांतील. 'छिन्' हें सात तारांचें, रोगण दिलेल्या लांकडाचें वाद्य. त्याचा नाद इतका मंद कीं तो सभेसाठीं नव्हेच. एका मित्रासाठीं तो पुरेसा आहे. पो-या नांवाचा वादक आणि त्याचा श्रोता चुंग त्सी-छी ह्यांची कथा चीनमध्यें लहान मुलांनाही ठाऊक आहे. वादकाच्या मनांत पर्वत असला तर श्रोत्याला पर्वत दिसे, वाहतें पाणी असलें तर पाणी दिसे. तो श्रोता वारला तेव्हां वादकानें तारा तोडल्या आणि पुन्हां वाद्याला हात लावला नाहीं. ह्या वाद्याची लेखनपद्धति मोठी विलक्षण आहे. तिच्यांत स्वर लिहिलेले नसतात. कोणतें बोट, कोणत्या तारेवर, कोणत्या खुणेपाशीं, आंत ओढावें कीं बाहेर, एवढेंच लिहिलेलें असतें. स्वर किती वेळ धरावा हें गुरूच्या मुखांतूनच कळावयाचें. मिंग घराण्यांतील चू छ्वान् ह्या राजपुत्रानें १४२५ सालीं अशा चिजांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील एखादी विसरलेली चीज पुन्हां उभी करण्यास वादकाला महिनोन् महिने खपावें लागतें. म्हणजे ग्रंथ असूनही गुरुशिष्यपरंपरेवांचून गत्यंतर नाहीं. आपल्या घराण्यांतल्या बंदिशींचीही स्थिति ह्याहून फार निराळी नाहीं.

सामान्य जनांचें संगीत रंगभूमीवर फुललें. सोळाव्या शतकांत कुन्-शान् येथील गायकीवरून 'कुन्-छू' हा अत्यंत नाजूक नाट्यप्रकार निघाला. १७९० सालीं छ्येन्-लुंग सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या उत्सवासाठीं आन्ह्वी प्रांतांतील नाटकमंडळ्या पेकिंगला आल्या, आणि त्यांच्यापासून पुढें पेकिंगचें प्रसिद्ध संगीत नाटक घडलें. गाणें, बोलणें, अभिनय आणि युद्धनृत्य ह्या चारही अंगांत नटाला तयारी लागे, व स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. ह्या परंपरेचा मुकुटमणि म्हणजे मेइ लान्-फांग (१८९४–१९६१). आपल्या बालगंधर्वांचे ते समकालीन, आणि स्त्रीभूमिकेंतील त्यांचें मोहकपणही तसेंच ख्यातनाम. १९१९ सालीं त्यांनीं जपानांत, १९३० सालीं अमेरिकेंत आणि १९३५ सालीं रशियांत आपली कला दाखविली. मॉस्कोंतील प्रयोग पाहून जर्मन नाटककार ब्रेख्त ह्यानें आपल्या नाट्यविचाराला नवी दिशा दिली. १९२४ सालीं रवींद्रनाथ ठाकूर पेकिंगला गेले असतां त्यांनींही मेइंचें नाटक पाहिलें. पुढें जपानी सैन्यानें चीन व्यापला. जेत्यांपुढें नाचावयाचें नाहीं, असा मेइंचा निर्धार होता. त्यांनीं भाषण केलें नाहीं कीं पत्रक काढलें नाहीं. त्यांनीं मिशा राखल्या. स्त्रीपार्टी नटाच्या मिशा म्हणजे त्याच्या रंगभूमीला लावलेलें कुलूपच. १९४५ सालीं जपान शरण आला तेव्हांच त्या उतरल्या आणि मेइ पुन्हां प्रेक्षकांपुढें आले.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पाश्चात्य विद्येचा लोंढा आला व जुन्या संगीताचें काय करावें, असा प्रश्न सुशिक्षितांपुढें उभा राहिला. १९२७ सालीं शांघाय येथें युरोपीय धर्तीचें राष्ट्रीय संगीत विद्यालय निघालें. त्याच वर्षीं पेकिंगमध्यें ल्यू त्येन्-ह्वा (१८९५–१९३२) ह्यांनीं देशी संगीताच्या सुधारणेसाठीं मंडळ काढलें. 'अर्-हू' ही दोन तारांची सारंगी तोंवर भिकाऱ्यांचें आणि तमासगिरांचें वाद्य समजली जाई. ल्यूंनीं व्हायोलिनचा अभ्यास करून त्याची शिस्त ह्या सारंगीला लावली आणि तिला विद्यालयांत मानाचें स्थान मिळवून दिलें. पेकिंगच्या त्येन्-छ्याव् बाजारांत झांजा-नगाऱ्यांचे बोल उतरून घेत असतां त्यांना तापाची लागण झाली, आणि वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं ते वारले. आपल्याकडे पंडित भातखंड्यांनीं गांवोगांव फिरून बंदिशी जमविल्या. त्याच जातीची ही तळमळ होती.

ह्या सारंगीचा सर्वांत थोर वादक मात्र विद्यालयांत कधीं गेलाच नाहीं. त्याचें नांव ह्वा येन्-च्यून्, पण लोक त्याला 'आंधळा आबिंग' म्हणत. १८९३ सालीं वू-शी शहरांत जन्मलेला हा ताओपंथी पुजाऱ्याचा मुलगा. बापाकडून वाद्यें शिकला, व्यसनांत बुडाला, पुढें त्याची दृष्टि गेली आणि मग अनेक वर्षें तो वू-शीच्या रस्त्यांवर वाजवून पोट भरीत असे. १९५० सालच्या उन्हाळ्यांत यांग यिन्-ल्यू आणि त्साव् आन्-ह हे दोन संशोधक तारेवर ध्वनि उतरविणारें यंत्र घेऊन त्याच्याकडे गेले. त्या वेळीं तो कित्येक दिवस वाजविण्याचा बंद होता आणि वाद्यही उसनें आणावें लागलें. त्यानें सारंगीवर तीन व पीपावर तीन अशा सहा चिजा वाजविल्या. उरलेल्या पुढच्या खेपेस उतरून घेऊं, असें ठरलें. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आबिंग वारला. त्या सहांपैकीं एका चिजेला 'दुसऱ्या झऱ्यांतील चंद्रबिंब' असें नांव मिळालें. आज ती चीनमध्यें सर्वतोमुखीं आहे. बाकीच्या सर्व चिजा आबिंगबरोबर गेल्या.

नृत्याचा आधुनिक इतिहासही असाच वळणावळणाचा आहे. ताय् आय्-ल्येन् (१९१६–२००६) ह्या बाईंचा जन्म वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटांत झाला. शिक्षण लंडनमध्यें झालें. १९४० सालीं त्या हाँगकाँगला उतरल्या आणि युद्धाच्या धामधुमींत सीमाप्रांतांतील जमातींचे नाच शिकत हिंडल्या. १९५४ सालीं पेकिंगमध्यें नृत्यशाळा निघाली, तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका त्याच होत. दुसरीकडे येनानच्या डोंगरांत साम्यवादी पक्षानें शेतकऱ्यांच्या 'यांग-क' नाचाला प्रचाराचें साधन केलें. तेथेंच १९३९ सालीं पॅरिसला शिकून आलेल्या श्येन् शिंग-हाय् ह्या संगीतकाराचें 'पीत नदी' हें समूहगान प्रथम गाइलें गेलें. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या हिंदी वैद्यकीय पथकांत होते, तें पथक त्याच वर्षीं येनानला पोंचलें होतें. परचक्राच्या वेळीं राष्ट्राला गाण्याची किती गरज असते, हें त्या काळानें दाखविलें. परंतु गाणें राज्याच्या कामीं लावण्याची जुनी संवय नव्या वेषांत परत आली, हेंही तितकेंच खरें.

त्या संवयीचा कळस १९६६ ते १९७६ ह्या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकांत झाला. माओची पत्नी च्यांग छिंग हिच्या देखरेखीखालीं आठ 'आदर्श' कृति निवडण्यांत आल्या आणि देशभर त्याच वाजूं लागल्या. जुनीं नाटकें बंद पडलीं, वाद्यें फुटलीं, कलावंत शेतांवर व तुरुंगांत गेले. ताय् आय्-ल्येन् ह्यांनाही नृत्य सोडून शेतकाम करावें लागलें. शांघाय संगीत विद्यालयाचे प्रमुख ह लू-तिंग (१९०३–१९९९) ह्यांची निर्भर्त्सना करण्यासाठीं १९६८ सालीं भरविलेली जाहीर सभा टेलिव्हिजनवरून दाखविण्यांत आली. मान खालीं घालून गुन्हा कबूल करावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. त्यांनीं मान वर केली आणि आरोप खोटे आहेत असें ओरडून सांगितलें. त्याबद्दल त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. पण ते जगले, आणि पुढें त्याच विद्यालयाचे पुन्हां प्रमुख झाले. कन्फ्यूशियसनें रांगा मोजल्या, आइ सम्राटानें कचेरी मोडली, च्यांग छिंगनें आठच कृति ठेवल्या. काळ बदलला तरी सत्तेचा हव्यास तोच राहिला.

१९७६ नंतर झाकलेले झरे पुन्हां वाहूं लागले. १९७९ सालीं तुन्-ह्वांगच्या लेण्यांतील भित्तिचित्रांवरून बसविलेलें एक मोठें नृत्यनाट्य कान्सू प्रांतांत रंगभूमीवर आलें, व भिंतीवर गोठलेल्या अप्सरा पुन्हां हलूं लागल्या. १९९२ सालीं क्वांगतुंगमध्यें आधुनिक नृत्याचें स्वतंत्र पथक निघालें. २००१ सालीं युनेस्कोनें मानवजातीचा अमूर्त ठेवा म्हणून जी पहिली यादी जाहीर केली, तींत कुन्-छू होतें आणि आपल्या केरळचें कूडियाट्टमही होतें. छिन् वाद्याला तोच मान २००३ सालीं मिळाला. त्याआधींच, १९७७ सालीं, अमेरिकेनें व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशांत पाठविलेल्या तबकडीवर क्वान् फिंग-हू (१८९७–१९६७) ह्यांनीं वाजविलेली 'वाहतें पाणी' ही छिन्-वरील चीज घेतलेली होती. पो-याच्या कथेंतील तेंच हें पाणी. ज्या वर्षीं क्वान् वारले, त्या वर्षीं त्यांच्या मायदेशांत असें वादन म्हणजे जुन्या जगाचा अवशेष ठरला होता. दहा वर्षांनीं तें मानवजातीचा निरोप म्हणून ताऱ्यांकडे निघालें.

ह्या दीर्घ इतिहासाचा हिशेब मांडला तर एक विलक्षण शिल्लक हातीं येते. एका राजानें आपलें संगीत पासष्ट घंटांत ओतलें, स्वरांचीं नांवें सोन्यानें जडविलीं, वादकांनाही बरोबर नेलें. घंटा राहिल्या, चाली गेल्या. एका आंधळ्या रस्त्यावरच्या वादकापाशीं उसन्या सारंगीखेरीज कांहीं नव्हतें. पण दोन माणसें वेळेवर त्याच्या दारीं गेलीं, म्हणून सहा चाली राहिल्या. राज्यानें संगीताला आश्रय द्यावा हें योग्यच. परंतु संगीत जगतें तें एका कंठांतून दुसऱ्या कानांत उतरल्यानें. ज्यांच्यापाशीं तें आहे तीं माणसें म्हातारीं होतात, आणि पुढच्या खेपेची वाट मृत्यु पाहत नाहीं. आबिंगच्या दारीं जाणाऱ्यांना अवघे कांहीं महिने उशीर झाला असता, तर तें चंद्रबिंब कोणालाही दिसलें नसतें. आपल्या गांवांतील वासुदेव, गोंधळी आणि कीर्तनकार ह्यांच्या दारीं आपण केव्हां जाणार, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.